आई बोलली की पडदा जातोय

फोनवर कांबळे गुरुजी म्हणाले, ‘‘सुतार, हसणार नसलासा तर एक सांगतो. आई बोलली की पडदा जातोय.’’

मी हसलोच. संगणकाचा पडदा जाणं ही माझ्या धंद्यातली रोजची तक्रार होती आणि तो कशामुळं जातो याबद्दल प्रत्येक गिऱ्हाइकाचं स्वतःचं शास्त्र असायचं. कुणाचा अमावास्येला जायचा, कुणाचा साहेब खोलीत आले की जायचा. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याचा तर फक्त मेव्हण्यानं हात लावला की जायचा, आणि हे तो मेव्हण्यासमोरच सांगायचा. पण आई बोलली म्हणून पडदा गेल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गुरुजी कुरुंदवाडचे, निवृत्त मुख्याध्यापक, तोलूनमापून बोलणारे. ते थट्टा करत नव्हते.

‘‘आई सांगत असते, मी टाइप करत असतो,’’ ते म्हणाले. ‘‘मधेच सगळं काळं होतं. मी एकटा बसून काही लिहिलं तर तासन्‌तास चालतंय. आई शेजारी येऊन बोलायला लागली, की गेलंच. आता शेजारची म्हणायला लागल्यात, म्हातारीची नजर हाय.’’

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज उतरला. मग म्हणाले, ‘‘तिनं बोलायचं बंद केलंय, सुतार. आणि तिचं विसरणं दर महिन्याला वाढत चाललंय. आत्ता नाही सांगितलं तर ते कायमचं जाणार.’’

गुरुजींच्या आईला, बाळाबाईंना, लिहितावाचता येत नव्हतं. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली बाई. तिनं पाहिलेलं, सोसलेलं, नव्यानं धम्म घेतल्यावर घरात काय काय बदललं ते, सगळं तिच्या तोंडून तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं गुरुजींनी निवृत्तीनंतर ठरवलं होतं. निवृत्त होताहोताच त्यांच्या बोटांना कंप सुटला आणि पेन धरणं बंद झालं. टेपरेकॉर्डर आणला तर बाळाबाई म्हणाल्या, ‘‘डबड्यासंगं मी बोलत न्हाई.’’ म्हणून मग शाळेतून मोडीत निघालेला एक संगणक आणला. एका बोटानं एकेक कळ दाबणं त्यांना जमत होतं. त्या संगणकावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली, घालून दिलं होतं मी, आणि म्हणून फोन मला आला होता.

इथं जरा धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण असा काही धंदा होता हे आता माझ्या पोरांनाही खरं वाटत नाही.

नव्वद सालच्या पुढंमागं राजारामपुरीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं लोकांकडं संगणक यायला लागले. त्यांचे मॉनिटर बिघडले की लोक ते सायकलच्या कॅरियरला बांधून माझ्याकडं घेऊन यायचे, कारण तो ‘टीव्हीवानीच दिसतोय की’. मॉनिटर उघडता उघडता मी त्याच्यामागच्या पेटीतही शिरलो. मग कुणीतरी पुण्याहून लिनक्सची सीडी आणली. ती फुकट वाटायला परवानगी होती, हे कोल्हापुरात कुणालाही आवडेल. पण मला आवडलं ते वेगळंच. त्यातला प्रत्येक भाग उघडून बघता यायचा. आमच्या गावचा माणूस नवीन इंजिन घेतलं तरी आधी खोलून बघतो, मग चालवतो. इथं तर करणाऱ्यानंच सांगून ठेवलं होतं, खोला आणि बघा.

या लिनक्समध्ये काम करणारा भाग वेगळा आणि पडद्यावर चित्र काढणारा भाग वेगळा असतो. चित्र काढणाऱ्याचं नाव तेव्हा ‘एक्स’ होतं. खिडक्या, रंग, माउसचा बाण, अक्षरं, सगळं एक्स काढणार. तो कोसळला की हे सगळं एका क्षणात नाहीसं व्हायचं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतली एखादी इंग्रजी ओळ तेवढी उरायची. खिडकीत लिहिलेलं आणि न साठवलेलं जे असेल ते गेलं. पण यंत्र खाली जिवंत असायचं, धडधडीत शुद्धीवर. लोकांना ते मेल्यासारखं वाटायचं आणि ते सरळ बटण दाबून मोकळे व्हायचे. माझं अर्धं आयुष्य ‘बटणाला हात लावू नका, मी निघालोय’ एवढंच फोनवर ओरडण्यात गेलं.

एक्स का कोसळला हे शोधणं म्हणजे माझं काम. चित्राचं कार्ड, त्या कार्डाला चालवणारा छोटा प्रोग्रॅम, मॉनिटर, वीज, उष्णता, यातलं कोण गुन्हेगार आहे ते ठरवायचं. पुस्तकं इंग्रजीत होती आणि त्यात कोल्हापूर नव्हतं. त्यामुळं बरंच काही आपलं आपणच शिकावं लागलं.

आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या मगदूम अण्णांचं घ्या. त्यांचा ओतकामाच्या साच्यांचा कारखाना, दोन संगणकांवर साच्यांची चित्रं काढायची. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, दोन्ही पडदे गेले. मी गेलो. यंत्र सुरू होत होतं, एक्स उठताना म्हणत होता, ‘नो स्क्रीन्स फाउंड’. म्हणजे त्याला पडदाच सापडत नव्हता, आणि पडदा तर समोर झेंडूची माळ घालून बसला होता.

‘‘अण्णा, काल काय केलंत?’’

‘‘काय केलं म्हंजे? पूजा केली की,’’ अण्णा म्हणाले. ‘‘लेथ धुतलं, ड्रिल धुतलं. मग म्हटलं ह्यानं काय पाप केलंय? हे बी खोललं. आतल्या सगळ्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, एकेकीला इभूत लावली आन् परत बसवल्या. बरोबर बसवल्या बग तम्मा, एक बी उरली न्हाई.’’

अण्णांच्या घरात निम्मं कानडी चालायचं, त्यामुळं त्यांच्यापेक्षा लहान सगळे पुरुष त्यांचे तम्मा. पट्ट्या खरंच उरल्या नव्हत्या. फक्त दोन्हीकडं चित्राचं कार्ड पहिल्या खाचेतून निघून तिसऱ्या खाचेत गेलं होतं, आणि एक्सला कार्ड कुठं आहे ते मीच आधी लिहून दिलेलं होतं. तो बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत होता. शिवाय कार्डाच्या सोनेरी दातांवर विभूतीचे तीन शुभ्र पट्टे होते. मी ते पुसायला खोडरबर काढला तर अण्णा कासावीस झाले. मग दातांवरचं पुसलं आणि कार्डाच्या पाठीवर, जिथं काही बिघडणार नाही तिथं, त्यांच्याच हातानं पुन्हा लावून घेतलं. त्यानंतर दरवर्षी खंडेनवमीला मी स्वतः कागलला जायचो. कार्ड मी काढायचो, विभूती अण्णा लावायचे, खाच मी सांभाळायचो. जगातल्या कुठल्याही पुस्तकात हे दुरुस्तीचं कलम नसेल, पण माझ्या भागात ते फार गरजेचं होतं.

चंदगडला एका काजू कारखान्याच्या कचेरीत पडदा फक्त दुपारीच जायचा. तिथली मॅनेजर बाई म्हणायची, जेवण झालं की त्यालाही झोप येते. पेटी उघडली तर कार्डाच्या पंख्यावर काळा चिकट लेप बसला होता. शेजारच्या भट्टीत काजू भाजायचे, त्या टरफलांचा तेलकट धूर आत येऊन पंख्यावर बसायचा. दुपारी भट्टी पेटली, वारा फिरला, की पंखा अडकायचा आणि कार्ड तापून एक्स आडवा. माझे हात त्या लेपानं आठवडाभर सोलत होते. पण येताना बाईंनी काजू दिले आणि एसटीत बसून ते खात येताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

सांगायचं एवढंच, की प्रत्येक विचित्र तक्रारीमागं एखादा साधा दोष असतो आणि गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं, हे मी तोवर शिकलो होतो. त्यामुळं हसून झाल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळची कुरुंदवाडची गाडी धरली.

गुरुजींचं घर नदीच्या बाजूला, दोन खोल्यांचं आणि लख्ख. कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं. खिडकीजवळ टेबलावर संगणक. आणि मधल्या दारात, उंबऱ्याला टेकून, पाय पसरून बसलेल्या बाळाबाई. मी नमस्कार केला तर त्यांनी नुसती मान हलवली. संगणकाकडं मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मी नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. वीज मोजली, ठीक. पेटी उघडली, धूळही फारशी नव्हती. कार्ड आपल्या जागी. मग पडद्यावर दातेरी चाकं गरागरा फिरवणारा एक प्रोग्रॅम असायचा, कार्डाला दमवायला, तो लावला. चाकं जेवणापर्यंत फिरत राहिली. एक्स कोसळताना यंत्र जी नोंद करतं तीही वाचली, तिथं फक्त ‘सिग्नल इलेव्हन’, म्हणजे प्रोग्रॅमनं जिथं जायचं नव्हतं तिथं पाय ठेवला. कुणी ठेवला, का ठेवला, याचा पत्ता नाही. मग मराठीत लिहून बघितलं. घर, पाणी, नदी, शाळा, आज सोमवार आहे, दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. पानभर लिहिलं. पडदा ढिम्म हलला नाही.

गुरुजींचा चेहरा बघवेना. आपण उगाच पावण्याला एवढ्या लांब बोलावलं असं त्यांना वाटत असणार. मला वाटत होतं, आता यांना काय सांगू? की तुमच्या आईला लांब बसवा?

दुपारी चहा आला. मी त्या लिहिलेल्या पानाकडं बघत बसलो आणि कपाकडं लक्षच नव्हतं. तेव्हा बाळाबाई त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या.

‘‘पावणं, च्या ऱ्हायला की तुमचा.’’

का कोण जाणे, माझी बोटं कळफलकावर होतीच, मला गंमत वाटली आणि मी ते वाक्य जसंच्या तसं टाइप करायला लागलो. पावणं. च्या. पुढचा शब्द सुरू केला आणि पडदा गेला. सगळं काळं. कोपऱ्यात पांढरी ओळ लुकलुकत राहिली.

मग बाळाबाई उठल्या. ‘‘बगितलंसा?’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्या त्वांड उगडलं की पडतंय. माजंच त्वांड वाईट.’’ आणि त्या आत निघून गेल्या.

त्या क्षणी मला एकाच वेळी त्या बाईंसाठी वाईट वाटलं आणि आनंदानं उडी मारावीशी वाटली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं हे असलंच असतं. बिघाड पुन्हा हवा तेव्हा घडवता आला की अर्धं काम झालं.

मी यंत्र पुन्हा उभं केलं आणि एकेक अक्षर लिहीत गेलो. ‘पावणं’ चाललं. ‘च्या’ चाललं. ‘ऱ’ चाललं, त्याचा पाय मोडला तरी चाललं. त्याच्यापुढं ‘ह’ची कळ दाबली आणि पडदा गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. ‘गुऱ्हाळ’ लिहिलं, गेला. ‘गिऱ्हाईक’ लिहिलं, गेला. ‘कुऱ्हाड’ तर घातलीच. ‘दुसऱ्या’ मात्र सुखानं येत होतं, कारण त्यात ‘ह’ नव्हता. म्हणजे कार्ड नाही, वीज नाही, एक्सही नाही. ‘ऱ्ह’ हे एक जोडाक्षर.

गुरुजी हळूच म्हणाले, ‘‘आमची आई दर दोन वाक्याआड ‘ऱ्हायलं’ म्हणते. गाव ऱ्हायलं, जेवान ऱ्हायलं, मानसं ऱ्हायली न्हाईत. मी एकटा लिहितो तेव्हा ‘राहिलं’ लिहितो.’’

आणि मग त्यांनी मला फोनवर न सांगितलेलं सांगितलं. पडद्याला वैतागून त्यांनी एक दिवस आईचं बोलणं शुद्ध करून लिहिलं. त्या दिवशी पडदा एकदाही गेला नाही. उपाय सापडला असं त्यांना वाटलं. मग सवयीचा हात थांबेना. हुतंचं होतं झालं, न्हाईचं नाही झालं. बाळाबाई आमच्या भागातल्या बायकांसारख्या ‘मी जातो, मी सांगतो’ म्हणायच्या, त्याचंही जाते, सांगते झालं. संध्याकाळी गुरुजींनी मोठ्या हौसेनं ते वाचून दाखवलं.

‘‘ती शेवटपर्यंत ऐकत होती,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘मग म्हणाली, कुनाच्या आईचं हाय हे? त्या दिवसापासनं बंद.’’

दोष कुठला ते कळलं, पण तो निघायला हवा होता. त्या यंत्रावरचा अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, मीच निवडला होता, गुरुजींच्या डोळ्यांना सोपा जावा म्हणून, मोठा आणि गोलसर. आधी वाटलं, फॉन्ट बदलला की झालं. दुसरा घातला. पडदा टिकला, पण ‘ऱ्हायलं’ लिहिलं की ‘ह’च्या डोक्यावर रफार चढून बसे, अर्हता किंवा गर्हा लिहिताना असतो तसा. तिसऱ्या फॉन्टातही तेच. गुरुजींनी चष्मा सावरून पडद्याकडं पाहिलं आणि मान हलवली. ‘‘नाही. हे अक्षर आईच्या तोंडातलं नाही. आता चुकीचं वाचून दाखवलं तर ती पुन्हा कधीच बसायची नाही.’’

मास्तरांपुढं काय बोलणार? शिवाय ते बरोबर होते.

मी परत आलो आणि तो फॉन्ट करणाऱ्या लोकांना ईमेल लिहिली. ही मंडळी कुठं कुठं पसरलेली असायची, एकमेकांना कधी न भेटलेली, सगळी हौसेनं काम करणारी. उत्तर सभ्य होतं. त्यात म्हटलं होतं की ‘र’ जोडला की रफार होतो किंवा पायाखाली तिरकी रेघ येते, तुम्ही म्हणता तशी जोडणी आमच्या तक्त्यात फारशी कुणी वापरत नाही, आपल्याकडून टंकनदोष होत असावा. लिहिणारा हिंदीवाला होता आणि त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या भाषेत हे अक्षरच नाही. पण मी भडकलो. ज्या गावाच्या चारी बाजूंनी गुऱ्हाळं धूर सोडतात त्या गावच्या माणसाला हा म्हणतो, गुऱ्हाळ हा टंकनदोष! मी तीन पानी उत्तर लिहिलं, मग बायकोनं वाचलं आणि म्हणाली, ‘‘भांडून अक्षर नीट होणार हाय व्हय?’’ ते उत्तर मी पाठवलं नाही.

मधल्या दिवसांत गुरुजींचा फोन आला. म्हणाले, आज आई मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारत होती. एवढंच बोलले आणि ठेवला. मला त्या दिवशी दुसरं काम सुचलं नाही. हे काम दुसऱ्या कुणाच्या तक्त्यावर सोडण्यात अर्थ नव्हता.

उघडून बघता येतं म्हणूनच तर मी या लिनक्सच्या नादी लागलो होतो. फॉन्टही उघडता येतो, त्यासाठीही एक फुकट प्रोग्रॅम होता. तो शिकताना मला घाम फुटला. प्रत्येक अक्षर म्हणजे ठिपके आणि ते जोडणाऱ्या वळणदार रेघा. शेकडो अक्षरांतून शेवटी ‘ऱ्ह’ सापडला. कुणीतरी तो काढायला घेतला होता आणि अर्धवट टाकला होता. एक ठिपका तर अक्षर सोडून इतका दूर जाऊन पडला होता की तो बघायला मला पडद्यावरचं चित्र पुन्हा पुन्हा लहान करावं लागलं. त्या एका ठिपक्यापायी ते अक्षर गावाएवढं रुंद झालं होतं. एवढं अक्षर काढायला सांगितल्यावर एक्स कोसळेल नाही तर काय करेल?

ठिपका ओढून जागेवर आणता आला असता, पण त्या ‘ऱ्ह’ला मुळात नीट आकारच नव्हता. मी टीव्हीवाला माणूस. अक्षराचं वळण मला कुठलं कळतंय? त्या प्रोग्रॅमची सीडी पिशवीत टाकून मी पुन्हा कुरुंदवाड गाठलं.

‘‘गुरुजी, ‘ऱ्ह’ काढून दाखवा.’’

‘‘माझ्या हातानं?’’ त्यांनी थरथरणारी बोटं पुढं केली.

‘‘फळ्यावर काढायचा तसा.’’

त्यांनी खडू शोधला. घरात फळा नव्हता, म्हणून आतल्या खोलीच्या काळपट लाकडी दारासमोर उभे राहिले. पेनाला बोटं लागतात. फळ्यावर लिहिणारा मास्तर खांद्यातून लिहितो, आणि खांद्याला कंप नव्हता. एका दमात त्यांनी हातभर उंचीचा ‘ऱ्ह’ काढला. ‘ह’च्या आधी, रेघेला लटकलेलं ते बारीक वळण, झुकलेल्या पापणीसारखं. इतका देखणा ‘ऱ्ह’ मी कुठल्या छापील पुस्तकात पाहिला नाही. गुरुजी स्वतःच त्याच्याकडं बघत राहिले.

मी दाराकडं बघत बघत माउसनं ते वळण उतरवायला बसलो. दुपार त्यात गेली. गुरुजी मागं उभं राहून सांगायचे, पोट जरा कमी, शेपूट खाली, आता रेघेला चिकटव. अण्णांच्या कारखान्यात साचा करणारे असंच करतात, कानशीनं थोडं, बघायचं, पुन्हा थोडं.

तो ‘ऱ्ह’ मी नंतर त्या हिंदीवाल्या भल्या माणसाला पाठवला आणि त्यानं तो आभार मानून घेतला. पुढच्या सगळ्या प्रतींमध्ये तो गेला. कुरुंदवाडच्या एका दारावर काढलेलं अक्षर कुठं कुठं पोचलं असेल, याचा विचार मी अजून कधीकधी करतो. आता पडदे जात नाहीत. गेले तर आपले आपणच परत येतात, आणि राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकली जातात. लोक म्हणतात बरं झालं, कटकट गेली. मला ती कटकट फार आठवते. तिच्यामुळं मी किती घरांत गेलो, किती उंबऱ्यांवर चहा प्यालो. आता माझी गरज कुणालाच उरलेली नाही, हे सांगताना वाईट वाटतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिलीय.

नवा फॉन्ट घातला. गुरुजींनी आईला हाक मारली. बाळाबाई दारापाशी आल्या आणि थांबल्या.

‘‘नगं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पडंल.’’

‘‘पडू दे. तू बस.’’

त्या बसल्या. गुरुजींनी जुनं लिखाण उघडलं, शुद्ध करण्याच्या आधीचं, पडदा जाईल या भीतीनं शब्दागणिक साठवलेलं, आणि वाचायला लागले. ‘बानं साळंत घातलं हुतं. पाटी हुती. मग धाकटा भाऊ झाला आन् त्येला सांबाळायला मला घरात ठेवलं, आन् साळा’. तिथं ओळ तुटली होती. तिथंच पडदा गेला होता.

‘‘साळा काय झाली, आई?’’

बाळाबाईंनी लेकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्यांना तो धागा सापडतोय की नाही हे मला कळेना.

‘‘ऱ्हायली की,’’ त्या म्हणाल्या.

गुरुजींनी एक बोट उचललं. ऱ. त्याचा पाय मोडला. मग ‘ह’च्या कळेवर बोट थबकलं, आणि त्यांनी ती दाबली. अक्षर उमटलं. दारावर होतं तसंच, पण चिमुकलं. पडदा जागच्या जागी होता.

‘‘कुठं हाय माजं?’’ बाळाबाई उठून जवळ आल्या. गुरुजींनी दाखवलं. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. ‘‘ह्यो व्हय? एवढुसा?’’ आणि त्या हसल्या.

गुरुजी म्हणाले, ‘‘आई, बाहेरच्या माणसांनी वाचलं तर त्यांना कळायला पाहिजे. पुढं कंसात ‘शाळा राहिली’ असं लिहू का?’’

बाळाबाईंचं बोट अजून काचेवर होतं. त्या रागावल्या नाहीत. मुलाला समजत नाही तर समजावून सांगावं तशा म्हणाल्या, ‘‘वसंता, जिची साळा ऱ्हायली, ती ‘शाळा राहिली’ कशी म्हनंल रं?’’

गुरुजींनी कळफलकावरचा हात काढून घेतला. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला तो माणूस माझ्यादेखत रडायला लागला, आणि माझेही डोळे भरले.

‘‘रडतोस काय?’’ बाळाबाई म्हणाल्या. ‘‘हे बी लिव. आन् फुडचं ऐक, मला आता आठवाय लागलंय.’’

त्या बोलायला लागल्या. पाटी कुणी फोडली, भावाला काखेत घेऊन त्या साळंच्या खिडकीखाली कशा उभ्या राहायच्या, आतून पोरांचा आवाज कसा यायचा. एकामागून एक, न थांबता. गुरुजींचं एक बोट त्या वेगाला पुरं पडेना. ते केविलवाणे होऊन माझ्याकडं बघायला लागले. मग मी माझी खुर्ची पुढं ओढली, कळफलक माझ्याकडं घेतला आणि कोल्हापूरची शेवटची गाडी सुटून गेली तरी लिहीत राहिलो, बाळाबाई जसं बोलत होत्या तसं.